सात सेकंदांची चिठ्ठी: मतदाराला यंत्र किती समजले पाहिजे?

वेण्णाकाठ

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी माझ्या मुलीने आयुष्यातले पहिले मत दिले. केंद्राबाहेर आल्यावर तिने विचारले, "आई, काचेमागे चिठ्ठी दिसली, चिन्ह बरोबर होते, मग ती खाली पेटीत पडली. आता ती कोण वाचणार?" मी तिला खरे ते सांगितले. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रे सोडत काढून निवडतात आणि तेवढ्याच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. बाकीच्या चिठ्ठ्या मोजल्या जात नाहीत. त्यावर ती म्हणाली, "मग मला ती सात सेकंद दाखवली कशासाठी?"

मी बँकेत ३० वर्षे काम केले. नोटा मोजण्याचे यंत्र आमच्याकडे आले तेव्हा आम्हां सर्वांना आनंद झाला, परंतु यंत्र आले म्हणून संध्याकाळी रोकड जुळवण्याचे काम थांबले नाही आणि तिजोरीची दुसरी किल्ली दुसऱ्या अधिकाऱ्याकडेच राहिली. कोणी कोणावर अविश्वास दाखवत होते असे नव्हे. विश्वास ठेवण्याची वेळच येऊ नये, अशी ती रीत होती.

निवडणुकीत घोटाळा झाला असा माझा दावा नाही, आणि कोणत्या पक्षाचा लाभ झाला याची चर्चा या धाग्यावर होऊ नये अशी विनंती आहे. मला एवढेच विचारायचे आहे की मतदानाचे यंत्र सामान्य मतदाराला किती समजले पाहिजे. तज्ज्ञांनी तपासले आणि न्यायालयाने मान्य केले एवढे पुरेसे आहे, की दहावी शिकलेल्या माणसालाही आपले मत मोजले गेल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करता आली पाहिजे?

निवृत्त_गुरुजी

वेण्णाकाठ ताई, १९८५ च्या विधानसभेपासून २०१९ पर्यंत मी निवडणुकीची ड्युटी केली आहे. सुरुवातीला मतदान अधिकारी आणि नंतर बहुतेक वेळा केंद्राध्यक्ष. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या केंद्रांवर आम्ही लाँचने मतपेट्या नेल्या आहेत. त्यामुळे कागदी मतपत्रिकेच्या काळाबद्दल जे हळहळतात, त्यांना काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

फुलीचा शिक्का दोन उमेदवारांच्या मधल्या रेघेवर पडे. कोणी शिक्क्याऐवजी अंगठा उमटवी, आणि ते मत बाद होई. ओली शाई घडी घालताना समोरच्या चिन्हावर उमटे, म्हणून आम्ही प्रत्येकाला आधी उभी आणि मग आडवी घडी घालून दाखवत असू. मतमोजणीला बसलो की अशा संशयास्पद मतपत्रिकांवर दोन्ही प्रतिनिधी हुज्जत घालत आणि पहाट होई. गरीब, अशिक्षित माणूस दिवसाची मजुरी बुडवून आलेला असे आणि त्याचे मत बाद गठ्ठ्यात जाई, याचे मला फार वाईट वाटे. २००४ च्या लोकसभेला यंत्र हाती आले आणि बाद मतांचा तो ढीग नाहीसा झाला. दांडगाई करून केंद्र ताब्यात घेतले तरी यंत्र मिनिटाला चारपेक्षा जास्त मते नोंदवत नाही. पूर्वी शिक्के मारून गठ्ठेच्या गठ्ठे पेटीत कोंबता येत असत.

शिवाय यंत्र तपासायला मिळत नाही हेही पूर्ण खरे नाही. मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल, घ्यावा लागतो. कोणी कोणते बटण दाबले ते लिहून ठेवायचे, निकाल काढायचा, चिठ्ठ्यांशी जुळवायचा, यंत्र कोरे करून दाखवायचे, मॉक पोलच्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात बंद करायच्या आणि मग हिरव्या कागदी मोहोरेवर प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. हे सर्व दहावी शिकलेल्या माणसाला समजते.

संध्या_कुडाळ

गुरुजी, मॉक पोलच्या वेळी प्रतिनिधी खरोखर हजर असतात का? आमच्या केंद्रावर सकाळी साडेपाचला कोणी आलेले मी पाहिलेले नाही.

निवृत्त_गुरुजी

संध्याताई, आपला प्रश्न योग्य आहे. मोठ्या गावात येत. वाडीवस्तीवरच्या केंद्रांवर अनेकदा एक किंवा कोणीच नाही. पंधरा मिनिटे वाट पाहून सुरुवात करावी अशी सूचना असे. तेव्हा आम्ही आमच्या आमच्यात पन्नास मते टाकून, लिहून, सह्या करून मोकळे होत असू. कामात कसूर केली नाही, परंतु ज्यांच्यासाठी तो प्रयोग होता ते प्रेक्षक तिथे नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

नेकारकाठी

मी जर्मनीत हायडेलबर्गला राहतो. वेण्णाकाठ यांचा प्रश्न इथल्या घटनात्मक न्यायालयापुढे जवळजवळ याच शब्दांत आला होता, म्हणून लिहितो.

२००५ च्या इथल्या संसदीय निवडणुकीत सुमारे २० लाख मतदारांनी संगणकीय यंत्रांवर मत दिले. ३ मार्च २००९ रोजी न्यायालयाने त्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. घोटाळा सिद्ध झाला म्हणून नव्हे. तसा पुरावा नसल्यामुळे न्यायालयाने ती निवडणूक रद्दही केली नाही. निकालाचा गाभा असा होता की निवडणूक ही सार्वजनिक क्रिया आहे, आणि मतदान व मोजणीचे महत्त्वाचे टप्पे कोणत्याही नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय, विश्वासार्हपणे तपासता आले पाहिजेत. यंत्रावर बंदी नाही, परंतु ते या कसोटीला उतरले पाहिजे.

फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत आमच्या गल्लीतल्या शाळेत संध्याकाळी सहानंतर मी मोजणी पाहायला गेलो होतो. मी इथला नागरिक नाही, मला मत नाही, तरीही दार उघडे होते, कारण मोजणी पाहण्याचा हक्क सर्वांना आहे. टेबलावर मतपेटीतल्या मतपत्रिका ओतल्या आणि शेजारपाजारचे स्वयंसेवक त्या लावू लागले. त्यांच्यात एक फार्मसीतली बाई होती आणि एक महाविद्यालयीन मुलगा होता. एकाने मोजलेला गठ्ठा दुसरा पुन्हा मोजत होता. वेण्णाकाठ, आपल्या बँकेतली संध्याकाळ वाचताना मला तेच टेबल आठवले.

पर्वतीपायथा

नेकारकाठी यांचा अनुभव सुंदर आहे, परंतु त्यातून भारतासाठी निष्कर्ष काढताना घाई होऊ नये. जर्मनीत मतदार सुमारे सहा कोटी आहेत. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेला प्रत्यक्ष मत देणारेच ६४ कोटींहून अधिक होते.

मी संगणक अभियंता आहे, म्हणून दोन गोष्टी मांडतो. आपले नियंत्रण युनिट कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते. त्याला उमेदवार माहीत नसतो, फक्त तिसरे बटण किंवा पाचवे बटण दाबले गेले एवढेच ते नोंदवते. प्रत्येक मतदारसंघात उमेदवारांचा क्रम वेगळा असतो आणि कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाईल हे सरमिसळ करून ठरते. त्यामुळे कारखान्यातच एखाद्या पक्षासाठी लबाडी भरून ठेवणे फार कठीण आहे.

दुसरी गोष्ट पाच यंत्रांची. पाच हा आकडा पाहून लोक हसतात, परंतु २०२४ च्या आपल्या विधानसभेत २८८ मतदारसंघांत मिळून १४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या, आणि तफावत आढळली नाही असे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. राज्यभर शंभरातले एक यंत्र जरी बिघडवलेले असते, तरी १४४० यंत्रे उघडल्यावर ते एकदाही सापडू नये, याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी आहे. तेव्हा मुलीला सांगा की तिची चिठ्ठी वाचली गेली नसली, तरी तिच्या चिठ्ठीच्या वतीने १४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या वाचल्या गेल्या.

वेण्णाकाठ

पर्वतीपायथा, आपला हिशेब मला समजला आणि पटलाही. परंतु तो राज्याचा हिशेब आहे. मतदार आपल्या मतदारसंघाचा आमदार निवडतो. एका मतदारसंघात ३०० केंद्रे आहेत आणि त्यातल्या तीनच यंत्रांत काही दोष आहे असे धरले, तर पाच तपासून तो सापडण्याची शक्यता किती?

पर्वतीपायथा

शंभरात सुमारे पाच. म्हणजे ९५ वेळा तो निसटेल. हे मी आधीच सांगायला हवे होते. तीन केंद्रांमुळे बहुतेक ठिकाणी निकाल बदलत नाही, परंतु २०२४ मध्ये मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला, हे लक्षात घेतले तर आपल्या शंकेला उत्तर द्यावे लागते. माझ्या मते किती यंत्रे तपासायची हे मताधिक्यावर ठरले पाहिजे. लाखाचे मताधिक्य असेल तिथे पाच पुरेत, चारशे मतांचे असेल तिथे सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी छापून काचेमागे दाखवणारे यंत्र, येण्यापूर्वी यंत्रांच्या साखळीत चिन्हांची माहिती कुठेच नव्हती. आता चिठ्ठीवर चिन्ह छापायचे असल्यामुळे मतदानाच्या काही दिवस आधी ते एका वेगळ्या उपकरणातून व्हीव्हीपॅटमध्ये भरावे लागते. म्हणजे खात्री वाढवण्यासाठी आणलेल्या सोयीने तपासण्याजोगा एक नवा दुवा निर्माण केला.

नागपुरी_वकील

त्या दुव्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली आहे. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली, परंतु चिन्ह भरण्याची उपकरणे मोहोरबंद करून निकालानंतर किमान ४५ दिवस जपून ठेवावीत असा आदेश दिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांच्या आत लेखी मागणी केली आणि खर्च भरला, तर विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी करून घेण्याची सोयही त्यात आहे.

इतिहासही थोडा सांगतो, कारण यंत्राला विरोध म्हणजे प्रगतीला विरोध असे मानण्याची पद्धत पडली आहे. १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ही यंत्रे पहिल्यांदा वापरली गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केले, कारण कायद्यात यंत्राची तरतूदच नव्हती. त्या ५० केंद्रांवर कागदी मतपत्रिकेने पुन्हा मतदान झाले आणि विजयी उमेदवार बदलला. त्यानंतर संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-अ घातले. पुढे २०१३ साली न्यायालयानेच कागदी पुरावा ही मुक्त निवडणुकीची अपरिहार्य गरज असल्याचे सांगितले, आणि नागालँडमधील नोक्सेनच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट पहिल्यांदा वापरले गेले. शंका घेणारे लोक नसते तर ही काचही मिळाली नसती.

आता वेण्णाकाठ यांच्या कन्येच्या प्रश्नाकडे येतो. चिठ्ठी चुकीची दिसली तर काय करायचे, हे नियम ४९-एमए मध्ये आहे. मतदाराने लेखी निवेदन द्यायचे, मग केंद्राध्यक्ष प्रतिनिधींसमोर त्याला एक चाचणी मत द्यायला लावतो. तफावत खरी ठरली तर मतदान थांबते. खोटी ठरली तर मतदारावर खोटे निवेदन केल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. जी चूक कदाचित एकदाच घडली, ती दुसऱ्या वेळी घडवून दाखवण्याची जबाबदारी मतदारावर टाकणारा हा नियम मला अन्यायकारक वाटतो. पहिल्यांदा मत देणारी वीस वर्षांची मुलगी पोलिसांच्या देखत असे निवेदन लिहून देईल का?

माणदेशी

मी माणदेशातल्या एका लहान गावाचा माजी ग्रामपंचायत सदस्य आहे. इथे यंत्रात लबाडी होते की नाही यावर चर्चा चालली आहे. मला वेगळे दुःख सांगायचे आहे, ते यंत्र अगदी बरोबर चालल्यामुळे झालेले आहे.

मतपेट्यांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्र आले आणि प्रत्येक केंद्राचा निकाल वेगळा दिसू लागला. आता तो नमुना २० या केंद्रवार निकालपत्रकात छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी सर्वांच्या मोबाइलवर असतो. आमच्या गावात दोनच केंद्रे आहेत. एका केंद्रावर गावठाण, दुसऱ्यावर खालची वस्ती आणि मळे. निकालानंतर आठवड्यात आमच्याकडच्या एका पुढाऱ्याने भर चौकात कागद वाचून दाखवला आणि म्हणाला, "वस्तीनं आम्हाला ६१ मतं दिली, आता पाण्याच्या टाकीचं बी तेवढंच बघू." टाकी पुढे तीन वर्षे झाली नाही. मत गुप्त आहे असे आपण म्हणतो, परंतु माणसाचे गुप्त राहिले आणि वस्तीचे उघडे पडले. ज्याला टाकीचे पाणी लागत नाही त्याला हा फरक कळणार नाही.

नागपुरी_वकील

माणदेशी दादा, आपण सांगितलेला दोष यंत्राइतकाच जुना आहे आणि त्यावर उपायही सुचवलेला आहे. अनेक केंद्रांची यंत्रे एकत्र जोडून त्यांची फक्त बेरीज दाखवणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली, परंतु केंद्र सरकारने तो स्वीकारला नाही.

संध्या_कुडाळ

पण केंद्रवार आकडे झाकले तर तपासणी अवघड होईल. मारकडवाडीचे उदाहरण ताजे आहे. माळशिरस तालुक्यातील त्या गावाने आपल्या केंद्रांवरचे आकडे पाहिले, ते त्यांना पटले नाहीत, आणि ३ डिसेंबर २०२४ ला त्यांनी स्वतःच कागदी मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, पोलीस बंदोबस्त आला आणि ते मतदान झाले नाही. विशेष म्हणजे पुढाकार मतदारसंघात जिंकलेल्या उमेदवाराच्या समर्थकांचा होता. गावाचा आकडा छापला गेला नसता तर गावाला प्रश्नच विचारता आला नसता.

माणदेशी

संध्याताईंचे म्हणणे मला खोडता येत नाही. आकडा उघडा असला की पुढारी वस्तीला धरतो, आणि झाकला की गावाला जाब विचारता येत नाही. मी दोन दिवस विचार करतो आहे. माझ्या बुद्धीला एवढेच सुचते की मोजणीच्या टेबलावर प्रतिनिधींना केंद्रवार आकडे दिसावेत, ते सीलबंद राहावेत, न्यायालयात मागता यावेत, परंतु चौकात वाचायला मिळू नयेत.

मारकडवाडीबद्दल मात्र एक सांगतो. ते मतदान कायद्याने ग्राह्य नव्हते, हे गावकऱ्यांनाही ठाऊक होते. त्यांना आमदार बदलायचा नव्हता, खात्री हवी होती. अशा गावात एखादा अधिकारी त्या केंद्रांच्या चिठ्ठ्यांची पेटी घेऊन, रीतसर आदेशाने, ग्रामस्थांसमोर मोजायला बसला असता तर दोन तासांत प्रश्न मिटला असता. चिठ्ठ्या होत्याच ना!

ब्रेलवाचक

या धाग्यावर सर्वजण डोळ्यांनी पाहून खात्री करण्याबद्दल लिहीत आहेत. मी जन्मापासून अंध आहे, स्क्रीनरीडरच्या साहाय्याने आपले प्रतिसाद ऐकतो आहे, आणि माझी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

कागदी मतपत्रिकेच्या काळात माझ्यासोबत मोठा भाऊ येई आणि शिक्का तो मारी. त्याने माझ्या सांगण्याप्रमाणेच मारला असेल असे मी मानतो, परंतु मला ते कधीच कळले नाही. घरात आमची राजकीय मते वेगळी होती. यंत्रावर बटणांशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक आले, केंद्रावर उमेदवारांची ब्रेलमधील यादी मिळू लागली, आणि वयाच्या ३८ व्या वर्षी मी पहिल्यांदा एकट्याने मत दिले. यंत्राचा तो लांब आवाज ऐकताना मला जे वाटले ते इथे लिहिता येणार नाही. म्हणून "कागदाकडे परत चला" असे कोणी म्हणाले की माझ्या मनात भीती उभी राहते.

तरी वेण्णाकाठ यांच्या मुलीचा प्रश्न माझाही आहे. तिला सात सेकंद तरी मिळाली, माझ्यासाठी ती काच भिंत आहे. चिठ्ठीवर काय छापले ते मला हेडफोनमधून ऐकवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. तपासण्याचा हक्क मागताना तो सर्वांसाठी मागावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

नेकारकाठी

ब्रेलवाचक, आपला प्रतिसाद वाचल्यावर मी माझ्या लिहिण्यात काय सुटले ते तपासले. इथे अंध मतदारांना त्यांच्या संघटनांकडून एक साचा विनामूल्य मिळतो. मतपत्रिका त्यात सरकवायची, म्हणजे छिद्रांवरून फुली कुठे करायची ते हाताला कळते. कागद आणि स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात, परंतु त्यासाठी कोणीतरी आधीच तुमचा विचार केलेला असावा लागतो. आपल्याकडे मतपत्रिकेच्या काळात तो झाला नव्हता, हे मान्य आहे.

पैठणवाट

मला विषय थोडा बाजूला न्यायचा आहे. मी गेवराई तालुक्यातला आहे. २० नोव्हेंबरला आमच्या गावचे अनेक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या फडावर होते. काही मुकादमांनी गाड्या केल्या, काहींनी नाही. ज्याला मतच देता आले नाही त्याच्यासमोर चिठ्ठी मोजली की नाही ही चर्चा फार दूरची आहे. बँकेचे व्यवहार मोबाइलवर होतात, मग मत का नको? एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवरून मतदान होते असे वाचले आहे.

माणदेशी

पैठणवाट, फडावर कोपीत मोबाइल घेऊन मजूर मत देत असेल तेव्हा मुकादम कुठे उभा असेल, याचा विचार करा. उचल त्याच्याकडून घेतलेली असते. शाळेच्या खोलीतल्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशाने काय काम केले आहे, हे ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला विचारावे.

पर्वतीपायथा

एस्टोनियाने याच दडपणावर उपाय म्हणून एक व्यवस्था ठेवली आहे. मतदार ऑनलाइन मत कितीही वेळा बदलू शकतो, शेवटचे धरले जाते, आणि केंद्रावर जाऊन कागदी मत दिले तर ऑनलाइन मत रद्द होते. परंतु तो सुमारे तेरा लाख लोकसंख्येचा देश आहे. बँकेशी तुलनाही लागू पडत नाही. बँकेत चूक झाली तर पासबुकात नोंद दिसते, कारण व्यवहार तुमच्या नावावर असतो. मतावर नाव नसते, आणि नसलेच पाहिजे, म्हणून चूक झाली तरी नंतर ती दाखवता येत नाही. स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. त्यात मतदार कामाच्या गावी, पण केंद्रावर जाऊनच मत देणार होता. पक्षांनी अनेक शंका काढल्या आणि तो पुढे सरकला नाही. ऊसतोड मजुरांसाठी त्यावर पुन्हा विचार व्हायला हवा, हे पैठणवाट यांचे म्हणणे मला मान्य आहे.

गोदाआजी

मी ७४ वर्षांची आहे. रेशनच्या दुकानात माझा अंगठा उमटत नाही. धुणीभांडी करून रेषा गेल्या आहेत. यंत्र नाही म्हणाले की दुकानदारही नाही म्हणतो, आणि त्याला विचारले तर यंत्राकडे बोट दाखवतो. पूर्वी दुकानदाराशी भांडता येत असे. आता कोणाशी भांडू?

वेण्णाकाठ

गोदाआजी, बाकी सर्वांनी बरेच लिहिल्यावर आपण चार ओळींत मुद्दा सांगितला. धाग्याचा विषय मतदानाचा असला तरी मला हीच भीती आहे. आपल्या कार्डावर नॉमिनी नेमण्याची सोय आहे का, ते तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत विचारावे. सोबत कोणाला नेता येत नसेल तर मला निरोप पाठवा, आपण मिळून अर्ज लिहू.

आता मूळ प्रश्नाबद्दल. हा धागा मी मुलीसोबत बसून वाचते आहे. पर्वतीपायथा यांच्या १४४० च्या हिशेबाने मला समाधान दिले, तिला दिले नाही. तिचे म्हणणे असे की तो हिशेब बरोबर आहे हे मानण्यासाठीही तिला एका अभियंत्यावर विश्वास ठेवावा लागला. नेकारकाठींच्या शाळेतल्या टेबलाशी तिला कोणावरच ठेवावा लागला नसता. मला वाटते, ती माझ्यापेक्षा नेमके बोलली.

पर्वतीपायथा

मुलीचे म्हणणे मी मान्य करतो. आकड्यांचे शास्त्र खोटे नाही, परंतु ते मला पटते कारण मी ते शिकलो आहे. तरीही सर्व चिठ्ठ्या मोजण्याची अडचण खरी आहे. निम्म्या यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या तरी निकाल पाच-सहा दिवस लांबेल असे आयोगाने २०१९ मध्ये न्यायालयाला सांगितले होते.

निवृत्त_गुरुजी

त्या चिठ्ठ्या २०१९ ला मी हाताळल्या आहेत. गुळगुळीत, अरुंद, गुंडाळी होणारा कागद असतो, पंख्याखाली उडतो, दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटतात. मोजणे किचकट आहे. परंतु मतपत्रिका मोजताना आम्ही रात्र रात्र बसत होतो आणि कोणी तक्रार करत नव्हते. ६४ कोटी लोक उन्हात रांगेत उभे राहतात, तर मोजणाऱ्यांनी चार दिवस अधिक बसायला हरकत नसावी. चिठ्ठी मोजायला सोपी व्हावी असा कागद आणि आकार आधी निवडावा, ही माझी सूचना आहे.

नागपुरी_वकील

एक भर घालतो. नियम ५६-डी प्रमाणे उमेदवार चिठ्ठ्या मोजण्याचा अर्ज करू शकतो, निर्णय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा असतो. मतदाराला मात्र असा अर्ज करता येत नाही. शिवाय २० डिसेंबर २०२४ रोजी निवडणूक संचालन नियम ९३ मध्ये बदल करून केंद्रावरील चित्रीकरणासारखे इलेक्ट्रॉनिक अभिलेख सर्वसामान्यांच्या पाहणीतून वगळले गेले. मतदारांची ओळख आणि सुरक्षितता हे कारण सांगितले गेले, आणि माणदेशी दादांच्या वस्तीची गोष्ट वाचल्यावर ते कारण पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु एकाच वेळी तंत्रज्ञान वाढते आणि नागरिकाच्या पाहण्याच्या जागा कमी होतात, हे मला सलते.

वेण्णाकाठ

गुरुजी, मुलगी विचारते आहे की आज, आहे त्या नियमांत, तिच्यासारख्या मतदाराला स्वतः काय तपासता येते?

निवृत्त_गुरुजी

बाळ, मतदान प्रतिनिधी हो. उमेदवार आपल्याच भागातल्या मतदाराला नेमतो, आणि अपक्ष उमेदवारांना तर माणसे मिळत नाहीत. पहाटे मॉक पोलला हजर राहा आणि पन्नास मते स्वतःच्या वहीत लिही. नियंत्रण युनिटचा क्रमांक आणि हिरव्या मोहोरेचा क्रमांक उतरवून घे. मॉक पोलनंतर यंत्र शून्य दाखवते ते पाहिल्याशिवाय मोहोरेवर सही करू नकोस. दिवसभर यंत्रावरची एकूण संख्या आणि नोंदवहीतल्या मतदारांची संख्या अधूनमधून विचारत राहा. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष बंद करण्याचे बटण दाबतो, त्यानंतर नमुना १७-सी ची, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशेबाची, सही केलेली प्रत हातात घेतल्याशिवाय खोली सोडू नकोस. मोजणीच्या दिवशी तो आकडा आणि मोहोरेचा क्रमांक टेबलावरच्या प्रतिनिधीकडून जुळवून घे.

यातून किती मते पडली हे तुला पक्के कळेल. कोणाला पडली हे १७-सी सांगत नाही, ते फक्त चिठ्ठीच सांगते, आणि त्या सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात की नाही हे भांडण तुमच्या पिढीला पुढे न्यायचे आहे. ३४ वर्षांत माझ्याकडे १७-सी ची प्रत आपणहून मागणारे प्रतिनिधी बोटांवर मोजण्याइतके आले. इतरांना मीच बोलावून दिली.

संध्या_कुडाळ

गुरुजी, हे सर्व एका स्वतंत्र धाग्यात क्रमवार लिहाल का? आमच्या वाचनालयात दहा-बारा मुले आहेत, त्यांना वाचून दाखवते.

निवृत्त_गुरुजी

रविवारपर्यंत लिहितो. जुन्या पुस्तिका माळ्यावर आहेत, त्या काढाव्या लागतील.

ब्रेलवाचक

गुरुजी, साधा मजकूर म्हणूनच टाका, छायाचित्रे नकोत. मलाही प्रतिनिधी व्हायचे आहे, आणि पन्नास मते मी माझ्या पाटीवर ब्रेलमध्ये नोंदवीन.

वेण्णाकाठ

मुलीचा निरोप आहे: आमच्या केंद्रावर पहाटे साडेपाचला ती येणार आहे, आणि वही घेऊन ठेवली आहे.